वाचकांचे प्रश्न : सव्वाआठचे आकडे येतात कुठून?

प्रश्न : मतमोजणी आठला सुरू होते आणि सव्वाआठलाच पडद्यावर 'अमुक पक्ष ५० जागांवर पुढे' असं झळकतं. एवढ्यात कुणी मोजलं?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : यंत्रांतली मतं तर नक्कीच कुणी मोजलेली नसतात. आठला टपाली मतं घेतात, यंत्रं साडेआठला. त्याआधीचा आकडा फार तर टपाली मतांच्या एखाद्या गठ्ठ्याचा, नाहीतर केंद्राबाहेर कानावर आलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीही आठ वाजून पाच-दहा मिनिटांनी दिसणारे हे कल जाहीरपणे मोडीत काढले होते.

नंतरची आघाडी खरी असली तरी फसवी असू शकते. एका विधानसभा मतदारसंघाला साधारण १४ टेबलं असतात. पहिल्या फेरीत मतदान केंद्र क्रमांक १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८. शेजारशेजारच्या गावांचे क्रमांक लागून येत असल्यामुळे पहिल्या पाच फेऱ्या म्हणजे बऱ्याचदा मतदारसंघाचा एकच कोपरा असतो. तो कोपरा ज्याचा, तो 'आघाडीवर'. वाहिनीच्या बेरजेत मात्र सात मतांची आघाडीही एक जागा आणि वीस हजारांचीही एकच.

म्हणून पक्षांची बेरीज सोडा, आयोगाच्या संकेतस्थळावर आपला मतदारसंघ उघडा आणि कितवी फेरी चालू आहे ते पाहा. ३३६ केंद्रं म्हणजे २४ फेऱ्या. केंद्रामागे ६०० मतं धरली तर फेरीला ८,४००. सहा फेऱ्यांनंतर चार हजारांची आघाडी असेल, तर अजून दीड लाख मतं मोजायची आहेत. तिथे 'मोठी मुसंडी' कसली? हरियाणात ८ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी काँग्रेस पुढे दिसत होती. शेवटी भाजप ४८, काँग्रेस ३७.

प्रश्न : एक्झिट पोल इतके का चुकतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पाहणीतून निघते मतांची टक्केवारी, दाखवतात जागा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत अर्धा टक्काही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. मतांतला एवढा बारीक फरक कोणतीही पाहणी पकडू शकत नाही. पण 'सांगता येत नाही' यावर तासभराची चर्चा रंगत नाही ना!

प्रश्न : 'विजयी' म्हणून दाखवलेला उमेदवार नंतर हरतो कसा?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : शेवटची फेरी म्हणजे निकाल नव्हे. तुमच्याच वायव्य मुंबईत २०२४ ला यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद टपाली मतं १११, म्हणजे फरकापेक्षा जास्त. अशा वेळी नियमानुसार ती पुन्हा तपासावी लागतात. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजायच्या असतात. हे सगळं उरकून निवडणूक निर्णय अधिकारी घोषणा करतो, तेव्हा 'विजयी' म्हणायचं.