8 वर्षं वायरिंगचं काम करतोय, मग आता आयटीआय करून उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की दहावी झाल्यावर मिस्त्रीच्या हाताखाली लागलात, 8 वर्षं झाली, अख्ख्या बंगल्याची कन्सील (भिंतीच्या आत दडवलेली) वायरिंग एकटे करता, आणि साइटवर नवीन आयटीआयवाला पोरगा येतो त्याला स्प्रिंग टाकून वायर ओढता येत नाही तरी साहेब लोक त्याचंच ऐकतात. राग येणारच. मी पण सुरुवातीला मामाच्या हाताखाली हेच केलं, मग आयटीआय, मग लायसन, आता स्वतःची छोटी कॉन्ट्रॅक्टरशिप आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय.

हाताला काम यायला अनुभवच लागतो, त्यात वाद नाही. विहिरीवरची मोटर नुसती हूं हूं करतेय पण फिरत नाही एवढं फोनवर ऐकून जुना मिस्त्री सांगतो की एक फेज गेलीये, बटण बंद कर नायतर मोटर जळेल, आणि आधी डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज बघ. स्लॅबातल्या पाईपात सिमेंट गेलं तर नेमकं कुठं फोडायचं हेही आयटीआयच्या वर्गात कळत नाही.

पण आपल्या धंद्यात एक गोची आहे बघा. गवंड्याची भिंत वाकडी झाली तर येणाजाणारा सांगतो, आपली वायरिंग चुकली तरी बल्ब लागतोच. दिवा लागला, पैसे मिळाले, काम बरोबर झालं असं डोक्यात बसतं आणि तीच चूक माणूस वीस वर्षं बिनधास्त करत राहतो, त्यालाच आपण अनुभव म्हणतो.

मागे एका फ्लॅटवर बोलावलं होतं. आधी तक्रार अशी होती की गॅलरीतला दिवा लावला की आरसीसीबी (करंट कुठं गळला तर सप्लाय तोडणारा स्विच) पडते. केस पांढरे झालेला मिस्त्री येऊन गेला, त्याने आरसीसीबी खराब आहे म्हणून काढून टाकली आणि डायरेक्ट करून दिलं. मालकाला शंका आली म्हणून मला फोन. बोर्ड उघडला तर गॅलरीचा न्यूट्रल पाईपात कुठंतरी तुटलेला, आणि कुणीतरी त्याऐवजी हिरव्या वायरवरून, म्हणजे अर्थवरून न्यूट्रल घेतलेला. दिवा 9 वॅटचा, म्हणजे साधारण 40 मिलीअँपिअर करंट, आणि आरसीसीबी 30 मिलीअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही की ती पडणारच, ती बिचारी तिचं काम चोख करत होती. आता समजा उद्या मीटरपाशी अर्थिंगची वायर सुटली, तर त्या दिव्यातून फेज सगळ्या हिरव्या वायरींवर येणार, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर सगळ्यांच्या बॉडीला करंट, आणि पडायला आरसीसीबीच जागेवर नाही. त्या मिस्त्रीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे हो, कटिंग-फिटिंग बघत राहावं असं. पण आरसीसीबी का पडते हे त्याला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

आयटीआयचा खरा फायदा मला इथं वाटतो. मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावून 500 व्होल्टवर ते बघायचं, 1 मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय द्यायचा नाही, अर्थिंग मोजायची, ही सवय तिथं लागते. अर्थात नुसतं पास होऊन बाहेर पडलेल्या कित्येकांनी मेगर हातातही धरलेला नसतो ते वेगळं.

आता कागदाचं. लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरने, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिटवाल्या वायरमननेच काम करायचं हे 1956 च्या नियमांपासून चालत आलंय, 2010 ला नियम बदलले, 2023 ला परत बदलले, ही अट तशीच आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून सोडलंय, घराची वायरिंग नाही. महावितरणच्या नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्टवर लायसनवाल्याची सही-शिक्का लागतो, म्हणून घाम तुमच्यासारख्यांचा आणि दुसरा कुणीतरी साइट न बघता सहीचे पैसे घेतो. महावितरणमधे विद्युत सहाय्यक व्हायचं तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा 2 वर्षांचा कोर्स लागतोच, तिथं 8 वर्षांचा अनुभव कुणी विचारत नाही. गल्फलासुद्धा एजंट आधी सर्टिफिकेट मागतो, मग ट्रेड टेस्ट.

त्यामुळे माझं मत, करा. दहावी पास आहात तर इलेक्ट्रिशियन ट्रेडला अर्ज टाका, वयाची वरची अट नाही, फक्त सरकारी आयटीआयला या ट्रेडसाठी मार्कांची चढाओढ असते म्हणून अर्जात दोन-तीन तालुके भरा. 2 वर्षं घर कसं चालवायचं हा प्रश्न खरा आहे, संध्याकाळी आणि रविवारी छोटी कामं घेत राहा, बरेच जण तसंच करतात. ते जमणारच नसेल तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात जाऊन वायरमन परमिटच्या परीक्षेला अनुभवावर बसता येतं का ते विचारा, एजंटला पैसे देण्याआधी विचारा. आरपीएलचं, म्हणजे आधीच्या अनुभवावर मिळणारं थोड्या दिवसांचं सर्टिफिकेट कुणी गळ्यात मारत असेल तर खाजगी नोकरीत दाखवायला ठीक आहे, विद्युत सहाय्यकच्या भरतीत ते आयटीआयच्या जागी चालत नाही.

आणि हो, अ‍ॅडमिशन होवो न होवो, या सीझनच्या पैशातून एक मेगर घेऊन टाका.