वाचकांचे प्रश्न : एमजी-ए गाडीसाठी ॲम्बॅसिडरचे जुने इंजिन

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९५७ ची एमजी-ए ही दोन आसनांची उघडी गाडी आहे. मूळ इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला असून तो वेल्डिंगने टिकणार नाही, असे कारागिरांचे मत पडले. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन विकत घेतले. ते बरीच वर्षे गोदामात पडून होते आणि त्यावर काळ्या चिकट मळाचा जाड थर आहे. एक गॅरेजवाले म्हणतात, ॲसिडने धुऊन सँडब्लास्ट करू आणि रंग मारू, इंजिन नवे दिसेल. दुसरे म्हणतात, पाण्याचा फवारा मारा आणि तसेच बसवा, ॲम्बॅसिडरच्या इंजिनाला काही होत नाही. कोणाचे ऐकावे? आणि हे इंजिन गाडीत नीट बसेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आधी बसण्याचे सांगतो, कारण ते सोपे आहे. आपली निवड चांगली आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या 'बी सीरिज' घराण्यातले इंजिन १९५५ साली एमजी-ए गाडीत बसवले गेले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसिडरसाठी अनेक दशके बनत राहिले. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८८.९ मिलिमीटर, ही मापे दोन्हीकडे एकच आहेत. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंग, तेही सारखेच. फरक आहे तो बाहेरच्या सरंजामात. म्हणून समोरची प्लेट, गिअरबॉक्सला जोडणारी मागची प्लेट, फ्लायव्हील, ऑइल चेंबर, मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणाऱ्या व धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या) आणि एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर हे सर्व आपल्या तडा गेलेल्या इंजिनावरून उतरवून घ्यावे. हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा व्हॉल्व्हचा भाग, धड असेल तर तेही वापरावे, कारण स्पोर्ट्स गाडीचे कॉम्प्रेशन ॲम्बॅसिडरपेक्षा जास्त ठेवलेले असते. जुना ब्लॉक मात्र भंगारात देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

आता धुण्याविषयी. माझे म्हणणे एवढेच आहे की पाहून झाल्याशिवाय धुवू नये. इंजिनावरचा मळ हा त्या इंजिनाचा वैद्यकीय इतिहास असतो आणि आपले दोन्ही गॅरेजवाले तो न वाचताच पुसायला निघाले आहेत. कोरडा, करडा, खरवडला तर भुकटी होणारा थर म्हणजे रस्त्यावरची धूळ. त्याची चिंता नाही. ओला, काळा आणि बोटाला चिकटणारा थर कुठून सुरू होतो ते टॉर्च लावून पाहावे. या इंजिनात मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कुशीत टॅपेटची, म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दट्ट्यांची, दोन झाकणे असतात आणि त्यांच्या बुचाच्या (कॉर्कच्या) पॅकिंगमधून तेल झिरपणे नेहमीचेच आहे. ते पॅकिंग बदलले की काम भागते. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्यांखाली, म्हणजे कोअर प्लगखाली, तांबूस किंवा पांढरट ओघळ दिसला तर पाणी गळत होते असे समजावे. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर तसाच ओघळ असेल तर हेड वाकलेले असण्याची शक्यता धरून चालावे. हे सर्व मोबाइलने टिपून ठेवावे, कारण एकदा धुतल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.

इंजिन कुर्ल्याचे आहे म्हणून आणखी एक पाहणी सुचवतो. मिठी नदीच्या काठचा तो भाग सखल आहे आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली तेव्हाच नव्हे, तर नंतरच्या पावसाळ्यांतही तिथल्या गाळ्यांत पाणी शिरलेले आहे. टॅपेटचे झाकण काढून आतल्या कोपऱ्यात बोट फिरवावे. काळे तेल लागले तर ठीक. पण पिवळसर, बारीक गाळ लागला तर इंजिन पुरात बुडून निघालेले आहे आणि तो गाळ बेअरिंगपर्यंत पोहोचलेला असणार. अशा वेळी क्रँक काढल्यावाचून गत्यंतर नाही.

ॲसिडचा सल्ला ऐकू नये याचे पहिले कारण तांत्रिक नसून कागदोपत्री आहे. इंजिनाचा क्रमांक जिथे कोरलेला आहे ती जागा ॲसिडने खाल्ली किंवा सँडब्लास्टने पुसट झाली तर परिवहन कार्यालयात क्रमांकाची पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, नीट उठणार नाही, आणि पुसट क्रमांक म्हणजे खाडाखोड असा संशय येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. इंजिन बदलणे त्यात येते. तेव्हा इंजिनाची पावती आणि ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद विक्रेत्याकडून आजच मागून घ्यावेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी तिची अट आहे. आपला तसा विचार असेल तर पाना हाती घेण्याआधी कार्यालयात लेखी विचारणा करावी. मूळ ब्लॉक जपून ठेवा असे म्हणालो ते याचसाठी.

बाहेरची सफाई आता करता येईल. प्रथम सर्व तोंडे बंद करावीत : मॅनिफोल्डची भोके, प्लगची भोके, डिस्ट्रिब्युटरची जागा, डिपस्टिकची नळी. त्यासाठी चिंध्या कोंबू नयेत, कारण एखादी आत राहते आणि महिन्यांनी सापडते; लाकडी बूच किंवा जाड चिकटपट्टी वापरावी. मळ लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने कोरडाच खरवडावा. जितका मळ कोरडा निघेल तितके रॉकेल कमी लागते. उरलेल्यावर रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावून थोडा वेळ मुरू द्यावे आणि पुसून घ्यावे. पेट्रोल वापरू नये. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा. निघालेले काळे पाणी आणि तेल गटारात सोडणे बेकायदा तर आहेच, शिवाय आपल्याकडची पावसाळी गटारे खाडीला आणि समुद्राला मिळतात. ते डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे. क्लच पूर्वीचाच असेल तर त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने टिपावी.

दुसऱ्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हे इंजिन चिवट आहे, पण वर्षानुवर्षे पडून राहिलेले इंजिन तसेच बसवून स्टार्टर मारणे म्हणजे गंजलेल्या रिंगा सिलिंडरवर घासणे होय. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवून पाहावे. अडले तर जोर करू नये, हेड उतरवावे. खरे तर फिरले तरी उतरवावेच, असे माझे मत आहे.

इंजिन उघडताना टॅपेट आणि पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांकडे, नेणाऱ्या काड्या) ज्या जागेवरून निघतील त्याच जागी परत गेले पाहिजेत, कारण प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपल्या उंचवट्यावर घासून जुळलेला असतो. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन त्याच्या खळग्यांवर १ ते ८ आकडे घालावेत, यापेक्षा चांगली सोय मला ठाऊक नाही. रॉकरचा शाफ्ट पोकळ असतो आणि तेल त्याच्या पोटातून रॉकरकडे जाते. त्याच्या टोकाचे बूच काढून आत तार फिरवली की बहुधा मेणासारखा काळा गोळा बाहेर येतो. तो तसाच ठेवून वरून झाकण चमकवले तर रॉकर कोरडेच फिरत राहतील. ब्लॉकमधल्या तेलाच्या लांब नळ्यांची टोकाची बुचे काढून त्यांतून नळीचा ब्रश, मग रॉकेल, मग हवा, या क्रमाने सफाई करावी. क्रँकमधल्या तिरक्या छिद्रांचेही तसेच. ज्या ब्लॉकची ही बुचे काढायची नाहीत त्यावर सँडब्लास्ट कधीही करू नये, कारण वाळूचा कण तेलाच्या वाटेत जाऊन बसतो आणि पहिल्या काही किलोमीटरमध्येच बेअरिंग खरवडून टाकतो.

पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, गंज सर्वांत जास्त साठतो तो मागे, चौथ्या सिलिंडरभोवती. इंजिन गरम होण्याची तक्रार पुष्कळदा तिथूनच सुरू होते आणि रेडिएटर बदलून ती जात नाही. कोअर प्लग काढून टाकावेत, नाहीतरी ते नवेच घालायचे असतात, आणि भोकांतून तारेने खरवडून गाळ काढावा. राहिलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात साधारण वीस भागांस एक या प्रमाणात पुरते. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सोड्याच्या पाण्याने धुवावे. संडास साफ करण्याचे ॲसिड काही ठिकाणी सर्रास वापरतात. ते गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते आणि नंतर पृष्ठभागावर दुप्पट वेगाने गंज चढतो.

आता बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मापावा : वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा. झीज जास्त असेल तर बोअरिंग करून दहा, वीस, तीस किंवा चाळीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन घालता येतात. बोअरिंगवाल्याकडून ब्लॉक घरी आला की तो 'धुऊन दिला आहे' असे सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवू नये. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासण्याच्या, दगडाची भुकटी सिलिंडरच्या बारीक रेघांत रुतून बसते आणि डिझेलने ती निघत नाही, उलट तेलकट होऊन अधिक चिकटते. गरम पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि ताठ ब्रश यांनीच ती निघते. धुऊन लगेच वाळवावे, तेलाचे बोट लावलेला पांढरा सुती कपडा आतून फिरवावा. कपड्यावर करडी छटा आली तर पुन्हा धुवावे. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला कपडा पांढरा निघतो. या वेळखाऊ कामात कारागीर कंटाळतात, म्हणून ते स्वतः समोर उभे राहून करून घ्यावे. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर, उघडे बीड (ओतीव लोखंड) काही तासांत तांबूस होते, तेव्हा वाळताक्षणी सर्व घासलेल्या पृष्ठभागांवर तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे.

हेड आपले असो वा ॲम्बॅसिडरचे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत आणि ते पेट्रोल आपल्या देशात २००० सालीच बंद झाले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची बुचाची पॅकिंग या खेपेला बदलूनच टाकावीत.

रंग शेवटी. एमजी-एच्या इंजिनाला मूळचा रंग गडद तांबडा, मरूनच्या जवळचा होता. थिनरने पुसून, घासलेली तोंडे आणि क्रमांकाची जागा झाकून, उष्णतारोधक रंगाचे पातळ थर द्यावेत. पावसाळी दिवशी मारलेला रंग पांढुरका पडतो. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात आजच्यासारखे रबरी सील नसून तेल मागे फिरवणारा आटे पाडलेला भाग असतो, त्यामुळे उभ्या गाडीखाली तेलाचा एखाददुसरा थेंब पडला म्हणून सारे पुन्हा उघडू नये. पहिल्यांदा सुरू करताना प्लग न लावता, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवावे. तेल खनिज, २० डब्ल्यू ५० जाडीचे, आणि जस्ताचे प्रमाण चांगले असलेले घ्यावे, कारण अशा चपट्या टॅपेटना त्याची गरज असते. पाचशे किलोमीटरनंतर ते बदलावे.

प्रश्न : मीही जुन्या ब्रिटिश गाडीचे काम घरी करीत आहे. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात इंजिनाचे भाग टाकले. लोखंडी भाग छान निघाले, पण एसयू कार्ब्युरेटरचे आवरण आणि पाण्याच्या पंपाचे ॲल्युमिनियमचे झाकण काळे पडले आणि पाण्यातून बुडबुडे येत होते. हे पूर्ववत होईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बुडबुडे हायड्रोजनचे होते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि त्यातून हा ज्वालाग्राही वायू निघतो, त्यामुळे खोली बंद नव्हती अशी आशा आहे. काळा लेप म्हणजे मिश्रधातूतले न विरघळलेले तांबे व सिलिकॉन. साबण आणि बारीक घासणीने तो बराचसा निघेल, परंतु जो धातू गेला तो गेला. झाकणाचे तोंड काचेवर पालथे ठेवून पाहावे. फट दिसली नाही आणि पाणी लागते तिथे खड्डे पडलेले नसले तर ते वापरता येईल. कार्ब्युरेटरच्या बाबतीत मी इतका उदार होणार नाही. एसयूचा पिस्टन आणि त्यावरची घुमटाकार टोपी यांच्यातील अंतर इतके काटेकोर असते की ती जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोन कार्ब्युरेटर असल्यास एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. टोपीच्या आत कॉस्टिक गेले असेल तर पिस्टन वर उचलून सोडावा. तो सावकाश, न अडखळता खाली येऊन 'टक्' असा आवाज झाला तर नशीब समजावे. अडखळला किंवा सैल आपटला तर आतून पॉलिश पेपर लावण्याचा मोह टाळून टोपी व पिस्टनची जोडी बदलावी. पुढच्या वेळी ॲल्युमिनियमला रॉकेल, मऊ ब्रश आणि भांड्यांचा साबण याखेरीज काही लावू नये.