दर्यावर्दीच्या अंगावर वर्दी नसते

प्रश्न : "काका, मंडळात सागरसफरींच्या सिनेमांचा आठवडा करतोय. पत्रकावर 'दर्यावर्दी चित्रपट' लिहिलं, तर एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. दर्यावर्दी हा माणूस असतो, सिनेमा कसा असेल? आणि वर्दी म्हणजे गणवेश, मग तराफ्यावर उघड्या अंगाने निघालेल्यांना दर्यावर्दी कसं म्हणायचं? त्यापेक्षा 'समुद्रसंशोधनपट' बरा का?"

'समुद्रसंशोधनपट' मुळीच नको. तो शब्द उच्चारेपर्यंत पडद्यावरचं जहाज बुडून जाईल. खलाशी, तांडेल, सुकाणू हे शब्द तुला ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. पण या 'वर्दी'चा निकाल एकदाचा लावायलाच हवा. वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. कोणी म्हणतो गणवेश, कोणी म्हणतो खबर, म्हणजे वर्दी देणे मधली वर्दी. गेल्या महिन्यात एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी समोरून चाललेल्या, पोरं कोंबलेल्या रिक्षाकडे बोट दाखवलं. मागे गुजरातीत 'स्कूल वर्धी' रंगवलेलं. म्हणाले, "ठरवून घेतलेली फेरी ती वर्दी. समुद्रावर फेरी मारतो तो दर्यावर्दी!" आणि हे कवी माधव ज्युलियनांच्या जन्मगावी! ज्यांनी १९२५ साली मराठीला फारसी-मराठी कोश दिला, त्यांच्या गावात फारसी शब्दाचा उगम रिक्षात शोधायचा? पुढे ज्युलियन स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही, पण फारसी त्यांना येत होती.

मूळ शब्द आहे 'दर्यानवर्द'. 'नवर्दीदन' हे फारसी क्रियापद. त्याचे अर्थ दोन, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले: गुंडाळणे आणि मुशाफिरी करणे. माझ्या डोळ्यांपुढे तरी असं चित्र येतं, की वाट एखाद्या सतरंजीसारखी पसरलेली आहे आणि चालणारा ती पायांनी गुंडाळत पुढे जातो. आपण अंतर कापतो, ते अंतर गुंडाळतात. गझल ऐकणाऱ्यांना 'सहरानवर्दी' माहीत असतो, म्हणजे वाळवंटातली भटकंती. इराणात आजही गिर्यारोहक 'कोहनवर्द' आणि अंतराळवीर 'फजानवर्द'. त्याच घरातला आपला दर्यावर्दी. डोंगर, वाळवंट, आकाश आणि समुद्र पालथे घालणारी ही सख्खी भावंडं, आणि आपण त्यातल्या एकाला खाकी चढवून उभं केलंय.

आता मधला 'न' कुठे गेला? माझ्या ओळखीचे एक फारसीचे जाणकार 'दर्या' आणि 'आवर्द' अशी फोड करतात. आवर्द म्हणजे आणलेला. समुद्राने आणलेले असतात ते शंखशिंपले. समुद्रावर निघालेला माणूस त्यात कुठून आला? दुसरे म्हणतात, बोलण्याच्या ओघात अक्षर गळलं. अक्षरं गळतात हे खरं, पण नेमकं हेच का, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे आहे.

अलिबागच्या धक्क्यावर एका कोळणीला विचारलं होतं, घरधनी कुठे? पाटीतली सुरमई उलटीपालटी करत, मान वर न करता ती म्हणाली, "दर्यान गेलाय." दर्यान! आपण 'दर्यात' म्हणतो तिथे कोळी-आगरी बोलीत 'दर्यान' येतं. घरात ते घरान, दर्यात ते दर्यान. आता हा कान घेऊन 'दर्यानवर्दी' ऐक. तो कान शब्द कुठे तोडेल? 'दर्यान' पाशी. 'न' विभक्तीचा वाटणार, आणि समास करताना विभक्ती गाळायची हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. रानातलं फूल ते रानफूल. तसा 'दर्यान-वर्दी'चा 'दर्यावर्दी'. फारसीचा अस्सल 'न' मराठी प्रत्यय समजून किनाऱ्यावर उतरवून ठेवला! हे कोणत्या कोशात शोधू नकोस, माझं मत आहे. पण शब्द ज्यांच्या तोंडी रुळला त्यांची बोली सोडून त्याचा खुलासा करायचा, हे मला मान्य नाही.

'नाखवा'चंही असंच. फारसी 'नाखुदा' म्हणजे नावेचा धनी. त्यातला 'ना' नकाराचा नाही, नावेचा आहे, आपल्या 'नौ'चा सख्खा भाऊ. तरी त्याचा अर्थ 'देव न मानणारा' असा सांगणारे भेटतातच.

हां, तुझा तराफा. १९४७ साली थोर हेयरडाल नावाचा नॉर्वेजियन पाच सोबत्यांना घेऊन बाल्सा लाकडाच्या 'कोन-टिकी' तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या प्रवाळबेटाला लागला. शिक्षणाने तो प्राणिशास्त्राचा. पेशाने खलाशीही नव्हता, गणवेश तर दूरच. पण पॅसिफिक ज्याने असा गुंडाळला तो दर्यानवर्द नाही तर कोण? या सफरीत त्यांनी स्वतः घेतलेल्या चित्रणाचा माहितीपट पुढे ऑस्कर घेऊन गेला. तुमच्या आठवड्यात तो पहिल्या दिवशी लावा.

आणि सभासदांची हरकत. फारसीत 'दर्यानवर्द' हा माणूस, 'दर्यानवर्दी' ही त्याची मुशाफिरी. आपण मुशाफिरीचा शब्द उचलून माणसाला लावला. म्हणजे 'दर्यावर्दी चित्रपट', सागरी मुशाफिरीचा चित्रपट, हा तुझा प्रयोग मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे. तसंच छापा. फक्त छापखान्यात स्वतः जाऊन मजकूर तपास. मागे एका पत्रकावर जुळवणाऱ्याने गुजरातीच्या सवयीने 'दर्यावर्धी' केलं होतं, आणि चारशे प्रती वाटून झाल्यावर ते माझ्या नजरेस पडलं.