आजोबांच्या जुन्या तिजोरीची किल्ली हरवली आहे. वेल्डरकडून दार कापून घ्यावं का? नंतर ती तिजोरी वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की शिवाजी पेठेतल्या घरात आजोबांची लोखंडी तिजोरी आहे, ते गेल्यापासून किल्ली सापडत नाही, आत जमिनीचे कागद आणि आजीचा साज असावा, आणि ओळखीचा वेल्डर 'गॅसनं तासाभरात दार काढतो' म्हणतोय. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मी कोल्हापुरात तिजोऱ्या उघडायचं आणि त्यांची कुलपं दुरुस्त करायचंच काम करतो.

गॅस का नको, ते साजापासूनच बघा. कोल्हापुरी साजाचे मणी आणि पानं भरीव नसतात, सोन्याच्या पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. सोनं 1064 अंशांला वितळतं, पण लाख शंभराच्या आतच मऊ पडते. म्हणजे सोनं शाबूत राहील, साज राहणार नाही. मोत्याची नथ असेल तर तिचंही वाटोळं. कागदांचं तर सांगायलाच नको. शिवाय जुन्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये आगीपासून बचावाचं भरण असतं. काहींमध्ये तुरटीसारखे क्षार घालत, ते तापले की त्यांतलं पाणी वाफ होऊन सुटतं. काही जुन्या भरणांत अ‍ॅस्बेस्टॉसही असायचं. ग्राइंडर लावला तर ती धूळ पोराबाळांच्या घरात उडणार. आणि एवढं करून दार गेलं की तिजोरी भंगारात.

आधी किल्ली नीट शोधा. हे सांगायला चमत्कारिक वाटतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या किल्ल्या देवघरात, पेटीच्या कप्प्यात, धान्याच्या कोठीत, करगोट्याच्या गाठीत निघतात. दारावर कंपनीची पाटी आणि अनुक्रमांक आहे का तेही बघा. गोदरेजनं कुलपं 1897 मध्ये आणि तिजोऱ्या 1902 मध्ये करायला घेतल्या, त्यामुळं आपल्याकडच्या वाड्यांतून त्यांचा माल बराच दिसतो. कंपनी चालू असेल तर नंबर आणि मालकीचा पुरावा घेऊन एकदा विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

किल्लीचं भोकच दिसत नसेल तर घाबरू नका. जुन्या देशी तिजोऱ्यांत ते मुद्दाम लपवलेलं असतं. दारावर दिसणाऱ्या रिव्हेटच्या फुलांपैकी एखादं फूल बाजूला सरकतं किंवा फिरतं आणि खाली भोक निघतं. आणि घरात किल्ल्यांचा जुना जुडगा असेल, त्यातल्या सगळ्या एकामागून एक घालून फिरवत बसू नका. काही जुन्या कुलपांत, विशेषतः विलायती चब कंपनीच्या, चुकीच्या किल्लीनं कुलपाच्या आतली एखादी पट्टी जास्त उचलली गेली की ती वरच अडकते आणि मग खरी किल्लीही चालत नाही. ही करामत 1818 ची. अशा वेळी खरी किल्ली आधी उलट्या दिशेला फिरवली की अडकलेली पट्टी सुटते. 'किल्ली आहे पण लागत नाही' म्हणणाऱ्या काही घरांत एवढ्यावरच काम होतं. (हेच कुलूप 1851 मध्ये, लंडनच्या प्रदर्शनाच्या दिवसांत, हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं साक्षीदारांसमोर अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. तेव्हा 'आमचं कुलूप कुणाच्या बापाला उघडणार नाही' असं कुठलाही दुकानदार म्हणाला तर हसून ऐकून घ्यावं.)

आता उघडायचं कसं. तुमची तिजोरी किल्लीची आहे, म्हणजे आत लिव्हर असणार. पितळी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या, प्रत्येकीला स्प्रिंग आणि प्रत्येकीत एक खाच. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीला उचलतात, सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टचा, म्हणजे दार अडवणाऱ्या दांड्याचा, खुंट त्यातून सरकतो. एक पट्टी जरा कमी उचलली किंवा जरा जास्त, की खुंट अडला. जाणकार माणूस कोऱ्या किल्लीला काजळी धरतो, भोकात घालून हलकासा दाब देतो आणि काजळीवर उठलेल्या खुणा वाचून कानस लावतो. परत काजळी, परत कानस. बघणाऱ्याला कंटाळा येतो. पण असं उघडलेल्या तिजोरीला ओरखडाही नसतो आणि हातात चालती किल्ली येते. बाजारात जुन्या तिजोऱ्यांच्या कोऱ्या किल्ल्या मिळत नाहीत, म्हणून आम्ही उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर दांडा कातून घेतो. त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान, कसलाही सुटा भाग सांगा, तिथं कुणीतरी करून देतोच.

खुणा उठतच नसतील, म्हणजे स्प्रिंग तुटलीय किंवा पट्ट्या गंजून चिकटल्यात, तर ड्रिल. इथंच कारागीर ओळखता येतो. त्याला कुलूप दाराच्या मागं नेमकं कुठं बसलंय हे माहीत असेल तर तो एकच बारीक भोक पाडतो, त्यातून आत बघतो आणि पट्ट्या हलवून बोल्ट सोडवतो. माहीत नसेल तर दाराची चाळणी होते. कुलपापुढं बहुधा कडक पोलादाची पट्टी असते, साधा बिट तिथं नुसता तापून बोथट होतो. नव्या भारी तिजोऱ्यांत तर कुलपावर मार बसला की वेगळाच एक खटका पडून बोल्ट कायमचे अडकतात. घण घालून तिजोरी उघडत नाही, आणखी बंद होते.

माझ्या मते उघडणं हे अर्धंच काम. तुमचा दुसरा प्रश्न, नंतर वापरता येईल का, तोच मला जास्त आवडला, कारण तो फार कमी लोक विचारतात. येईल, आणि बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा चांगली चालेल. दार उघडल्यावर कुलूप खोलून बाहेर काढायचं. पट्ट्या रॉकेलमध्ये धुवायच्या. जुन्या कुलपात पिढ्यान्‌पिढ्या तेल सोडलेलं असतं, ते धूळ धरून चिकट होतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि खाली पडत नाहीत. दाराच्या बोल्टांना आणि बिजागरीला थोडं ग्रीस ठीक, लिव्हरच्या कुलपात मात्र तेल ओतू नका. लागलीच तर ग्रॅफाइटची पूड. थकलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, झिजलेली पट्टी नव्यानं कापायची, आणि पट्ट्यांचा क्रम बदलून त्याप्रमाणं दोन नव्या किल्ल्या करायच्या, म्हणजे हरवलेली जुनी किल्ली उद्या कुणाच्या हाताला लागली तरी निरुपयोगी. ड्रिलचं भोक नुसतं लांबी (पुट्टी) भरून रंगवू देऊ नका. त्यात कडक पोलादाचा तुकडा ठोकून, वेल्ड करून, घासून सपाट करायला लावा, नाहीतर चोराला आयती वाट. शेवटी दार उघडं ठेवूनच बोल्ट बाहेर काढून आत घेऊन दोन्ही किल्ल्या तुमच्या हातानं फिरवून बघा. मगच दार लावा आणि मगच पैसे द्या.

पैशाचं आधी बोला. उघडायचे वेगळे, कुलूप दुरुस्तीचे वेगळे, आणि ड्रिल लागलं तर भोक बुजवण्याचे कुणाकडं. हे तोंडी नको, कागदावर घ्या.

2019 आणि 2021 च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या तिजोऱ्यांचं गाऱ्हाणं वेगळंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी, दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. भरण ओलं झालं की वर्षानुवर्षं आतून पत्रा खातं. वरून रंग छान, आत पापुद्रे. गुळाच्या एका अडत्याकडं अशीच तिजोरी होती. किल्ली होती, पण जड जातेय म्हणून दिवाणजींनी पक्कड लावली आणि किल्ली भोकातच मोडली. किल्ली जड जायला लागणं ही कुलपाची तक्रार असते, ती तेव्हाच ऐकली असती तर नुसत्या साफसफाईवर भागलं असतं. तुमचं घर पुराच्या पट्ट्यात नसेल तरी पावसाळी ओल भिंतीतून येतेच, तिजोरी भिंतीपासून चार बोटं पुढं आणि फळीवर ठेवा.

आणखी एक, जे ऐकायला कडू आहे. आजोबांच्या मागं वारस एकटे तुम्हीच आहात का? काका, आत्या असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, उघडताना त्यांना समोर बसवा, दोन बाहेरचे साक्षीदार ठेवा, निघालेल्या वस्तूंची यादी करून सह्या घ्या, मोबाइलवर चित्रण करा. मी संमतीपत्राशिवाय आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय हत्यार काढत नाही. न विचारता उघडून द्यायला तयार होणारा माणूस उद्या दुसऱ्या कुणालाही तसाच उघडून देईल. वाद चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हातच लावू नका.

तिजोरीचा फोटो इथं टाका म्हणजे काय प्रकार आहे ते बघून सांगता येईल. पूर्ण दार समोरून, हँडल आणि भोक जवळून. पाटीवरचा अनुक्रमांक झाकून टाका. आणि शोधताना किल्ली सापडलीच तर तिचा फोटो मात्र अजिबात टाकू नका, दाते स्पष्ट दिसले की तेवढ्यावरून दुसरी घासता येते.