नातीला रेनडिअर राखायचेत

पत्र (आटपाडी तालुका, जि. सांगली): मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. मी एसटीत वाहक. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, आता थकलेत, घरीच असतात. मुलगी म्हणते, रेनडिअरवर, म्हणजे बर्फाळ उत्तरेतल्या हरणावर, संशोधन करणार. हिवाळ्यात त्याचे डोळे निळे होतात, असं काहीतरी सांगते. एका एजंटनं नॉर्वेतल्या डिग्रीसाठी कर्ज काढायला सांगितलंय. भावकी हसते, "आज्यानं मेंढरं राखली, नात रेनडिअर राखायला चालली." काय करावं?

उत्तर:

नमस्कार. आधी एजंटचं मिटवू. कर्ज काढू नका. नॉर्वेतल्या सरकारी विद्यापीठांत २०२३ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना फी लागू झाली आहे आणि पहिल्या पदवीचं शिक्षण बहुतेक नॉर्वेजियन भाषेतच चालतं. उलट पीएच.डी. म्हणजे तिथं पगारी नोकरी असते. पाच-सहा वर्षं थांबून पगारावर जाता येत असेल, तर आज घर गहाण कशाला टाकायचं?

डोळ्यांचं ती बरोबर सांगते. रेनडिअरच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. तो उन्हाळ्यात सोनेरी असतो, ध्रुवाकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यात निळा होतो. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता भावकी. थट्टेत का होईना, ती नेमकं बोलली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला सामी लोक रेनडिअरचे कळप राखतात आणि ऋतू बघून चराई बदलतात. तुमच्या वडिलांनीही दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा पश्चिमेला हलवला असेल आणि पावसाच्या तोंडावर माणदेशात परत आणला असेल. हिवाळ्यात रेनडिअर खुरानं बर्फ उकरून जे खातो, ते आपल्या कांदा-लसूण मसाल्यातल्या दगडफुलासारखंच लायकेन. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. ऐन थंडीत बर्फावर पाऊस पडला, की पाणी गोठून वर काचेसारखा थर बसतो. चारा पायाखाली, तोंडाला मात्र मिळत नाही. रशियातल्या यामाल भागात २०१३-१४ च्या हिवाळ्यात अशानं सुमारे ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. अवकाळीनं मेंढरं दगावलेली ज्यानं पाहिलीत, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ मध्ये तिथं २९ रेनडिअर सोडले. लांडगा नाही, दगडफूल भरपूर. १९६३ पर्यंत ते सहा हजारांवर गेले. चारा ओरबाडून संपला, पुढचाच हिवाळा कडक निघाला आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा उरले ४२. त्यांत नर एकच. नंतर तेही संपले. ही गोष्ट ऐकवल्यावर तिला देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात घेऊन जा. कुंपणातलं छोटं जंगल, आत सांबर, चितळ, काळवीट. इथं किती जनावरं मावतील आणि ती संख्या कशी ठरवायची, हा प्रश्न तिला तिथं पडला, तर ती या विषयाची आहे. नुसतेच फोटो काढले, तर व्हिडिओंचा नाद आहे असं समजा. हा निकष माझा. थोडा उद्धट आहे, पण आजवर चालला.

वाट मला अशी दिसते. नीट (NEET) परीक्षा तर द्यावीच. मार्क आले, तर बी.व्ही.एस्सी.; आपल्या बाजूचं कॉलेज शिरवळला आहे, कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. मी हीच वाट आधी सुचवेन, कारण यात पोटापाण्याची सोय आहे आणि विषयही सुटत नाही. नॉर्वेत २०१६ मध्ये एका जंगली रेनडिअरमध्ये हरणांचा मेंदू पोखरणारा रोग सापडला. युरोपातला तो पहिलाच. तो पसरू नये म्हणून नोर्डफ्येला भागातला दोन हजारांवर जनावरांचा अख्खा कळप मारावा लागला. असल्या कामात पशुवैद्य लागतोच.

मार्क कमी पडले, तर बी.एस्सी. प्राणिशास्त्र, सोबत वनस्पतिशास्त्र आणि जमलं तर संख्याशास्त्र. संख्याशास्त्राला आपली मुलं उगाच घाबरतात; या क्षेत्रात अर्धं काम मोजणीचंच. पुढं एम.एस्सी.साठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र. दोन्हीकडं जागा मोजक्या. नंतर पीएच.डी.साठी नॉर्वेतलं ट्रोम्सो किंवा अलास्कातलं फेअरबँक्स, दोन्ही विद्यापीठांत रेनडिअरवर खूप काम झालं आहे. खुद्द रेनडिअरवरच्या नोकऱ्या जगातच थोड्या आहेत, हे तिला आजच सांगून ठेवा. वाटेत ती काळविटावर किंवा माडग्याळी मेंढीवर थांबली, तरी शिक्षण वाया गेलं असं घरात कुणी म्हणू नये.

तोवर एक काम. तिनं आजोबांपाशी वही घेऊन बसावं. कुठल्या साली वाडा कुठं मुक्कामाला होता, चारा कसला मिळाला, किती कोकरं जगली, वाट कधी आणि का बदलली. उत्तरेत शास्त्रज्ञ सामी पशुपालकांना हेच विचारत आले आहेत. नीटचा निकाल लागला की कळवा. तेव्हा वहीची दोन पानंही सोबत धाडा.