कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम सोपी मॅच घरच्या मैदानावर हरली, तरी चाहते एकनिष्ठ कसे राहतात? सीझनचा पास ठेवू की विकू?

तुमचे रूममेट तिकिटं विकून टाक म्हणतायत म्हणजे ते माझ्या दाजींच्या नात्यातले असणार.

तुम्ही लिहिलंय की एमएसला येऊन वर्ष झालं, टीमनं सीझनमधली सगळ्यात सोपी मॅच घरात घालवली, आणि पुढच्या शनिवारी तीच माणसं तेच टीशर्ट घालून परत स्टेडियमकडं निघालेली बघून तुमचं डोकं चालेना. युनिव्हर्सिटी कुठली ते लिहिलेलं नाही. मी नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा. लिंकनला शिकलो, आता ओमाहात नोकरी करतो. सोपी मॅच घरात घालवणे या विषयावर बोलायचा आम्हा लोकांइतका हक्क फार थोड्यांना असेल.

१० सप्टेंबर २०२२, समोर जॉर्जिया सदर्न हे लहान कॉलेज. असल्या मॅच कशा ठरतात ते तुम्हाला वर्षभरात कळलंच असेल. मोठं कॉलेज लहान कॉलेजला दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देतं. त्यांनी यायचं, मार खायचा, चेक घेऊन घरी जायचं. त्या आठवड्यात ताई आणि दाजी न्यू जर्सीहून आमच्याकडं आले होते. म्हटलं दाजींना एकदा दाखवूच, हे काय प्रकरण असतं ते. जिंकणारी मॅच बघून हौसेनं चार तिकिटं काढली.

आमच्या शेजारच्या बाकावर एक आजोबा होते. आमच्या मेमोरियल स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी पाठ टेकायला काही नाही, नुसते लांबच लांब बाक आणि त्यावर रंगवलेले नंबर. आजोबांचा नंबर त्यांच्या वडलांकडून आलेला. खिशात छोटा रेडिओ, कानात एकच इअरफोन. मैदान समोर उघडं पडलेलं असताना कॉमेंट्री रेडिओवर ऐकायची, ही इथल्या म्हाताऱ्यांची रीत. दाजींनी मला हळूच विचारलं, "ह्यांना दिसत नाही काय?" मी म्हटलं, दिसतं, पण विश्वास बसत नाही, म्हणून ऐकून खात्री करतात. तेव्हा मी हे गंमत म्हणून बोललो होतो.

मॅच काय झाली ते थोडक्यात सांगतो, कारण अजून सांगताना पोटात कालवतं. जॉर्जिया सदर्ननं आमच्या डिफेन्समधून ६४२ यार्ड काढले, म्हणजे बॉल तेवढा पुढं नेला. सहाशे बेचाळीस! आमच्या डिफेन्सला ब्लॅकशर्ट्स म्हणतात, एके काळी त्या नावाला लोक टरकायचे. तरी शेवटच्या काही मिनिटांत आम्ही ४२-३८ पुढं होतो. तोवर घरच्या मैदानावर ३५ किंवा त्याहून जास्त गुण केले आणि नेब्रास्का हरली, असं एकदाही झालेलं नव्हतं. २१४ वेळा केले होते, २१४ वेळा जिंकलो होतो. मग त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, ३६ सेकंद उरलेले असताना स्वतः बॉल घेऊन एंड झोनमध्ये, मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात, घुसला; यालाच टचडाउन म्हणतात. ४५-४२.

दाजी उठले. "चला, पार्किंगमधनं निघायला तास जाईल." मी म्हटलं, अजून ३६ सेकंद आहेत. ते म्हणाले, "बघायचं काय राहिलंय?" आणि निघालेसुद्धा. माझी बायको त्यांच्यामागं गेली, पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून. ताई गेली नाही. ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ती बाकाला धरून बसून राहिली. पुढं जे काही वर्षं घरात वाजलं त्याचं मूळ मॅच नसून हे आहे, असं माझं मत.

बरोबरीसाठी आमची शेवटची किक ५२ यार्डांवरून होती. गेली बाहेर.

आजोबांनी इअरफोन काढला, वायर रेडिओभोवती नीट गुंडाळली, रेडिओ खिशात घातला आणि उभे राहिले. आता हे घरी जातील असं वाटलं, तर ते जॉर्जिया सदर्नची पोरं कोपऱ्यातून आत जात होती त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला उभे राहिले होते. आजूबाजूचे बरेच जण वाजवत होते. पाहुण्या टीमला टाळ्या देऊन पाठवायचं, ही इथली जुनी पद्धत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा आहे. बस. ना सांत्वन, ना शिवी.

आता गाडीतलं भांडण, आय-८० वर लिंकन ते ओमाहा. दाजींचं म्हणणं असं: तुम्ही गिऱ्हाईक आहात, हॉटेलात आळणी आमटी वाढली तर परत त्याच हॉटेलात जाता का? जात नाही. मग इथं का जाता? तुम्ही दर शनिवारी स्टेडियम भरून टाकता म्हणून टीमला सुधारायची गरजच पडत नाही. ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरची मॅच हाउसफुल्ल, याचा तुम्हाला अभिमान, आणि तीच तुमची गोची. वर हेही म्हणाले की ते हाउसफुल्लही खोटं, उरलेली तिकिटं देणगीदार घेतात.

शेवटचं खरं आहे. २०२१ मध्ये दोन मॅचची उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेऊन गरीब घरांतल्या मुलांना दिली, तेव्हा परंपरा टिकली. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पोरं तर आली ना आत?

पण मूळ मुद्दा साफ चुकीचा, आणि तो चुकीचा ठरायला एक दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं. हा बाहेरून आणलेला कुणी नव्हता. नेब्रास्कात वाढलेला, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून पंचाहत्तर लाखांवर आली असती. तीन आठवडे कळ काढायची होती फक्त. काढली नाही. स्टेडियम रिकामं असतं तर निवांत हिशोब करत बसले असते. भरलेलं होतं, भरलेल्यानं शेवटपर्यंत बसून बघितलं, आणि बाहेर पडताना कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून थांबता आलं नाही. दाजींना हे मी त्याच रविवारी नाश्त्याला सांगितलं. त्यांनी पोहे छान झालेत म्हणून विषय बदलला.

पुढच्या शनिवारी स्टेडियम परत भरलं आणि ओक्लाहोमाकडून ४९-१४ मार खाल्ला. तुम्हाला धीर द्यायला लिहीत असतो तर हे गाळलं असतं.

तर चाहते का टिकतात? नेब्रास्कात व्यावसायिक फुटबॉलची एनएफएल टीम नाही, बास्केटबॉलची एनबीए टीम नाही, मोठं बेसबॉल नाही. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास. मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये ८५,००० माणसं बसली की ओमाहा आणि लिंकननंतरचं तिसरं मोठं शहर तेच. पाचशे किलोमीटरवरचा मका पिकवणारा शेतकरी आणि ओमाहातला विमा कंपनीतला माणूस एकाच बाकावर बसायची दुसरी जागा या राज्यात नाही. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल टीम बघत गॅलरीत वाढलेला, त्यामुळं मला हे समजावून सांगावं लागलं नाही. पाटाकडीलची टीम हरली म्हणून पाटाकडीलचं पोरगं दुसऱ्या दिवशी शिवाजी तरुण मंडळाचं होत नाही. पेठ बदलता येत नाही. दाजी पुण्याचे.

आणि हरण्याहरण्यात फरक असतो. २ जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बोलबद्दल, म्हणजे सीझननंतरच्या मोठ्या मॅचबद्दल, इथल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा. नेब्रास्का अख्ख्या सीझनमध्ये अजिंक्य, समोर मायामी, तेही मायामीच्याच मैदानावर. शेवटी टचडाउन मारून मायामी ३१, आम्ही ३०. एका गुणाची साधी किक मारली असती तर बरोबरी, आणि बरोबरीवर देशातला पहिला नंबर बहुतेक आमचाच राहिला असता. कोच टॉम ऑस्बोर्न यांनी जिंकायला दोन गुणांसाठी खेळायचं ठरवलं. पासला मायामीच्या खेळाडूचा हात लागला, विजेतेपद गेलं. इथं कुणी त्यांना त्यासाठी शिव्या घालताना मी ऐकलेलं नाही. उलट जिंकलेल्या मॅचपेक्षा जास्त ताठ मानेनं ती सांगतात. ऑस्बोर्नना पहिलं विजेतेपद १९९४ च्या सीझनमध्ये मिळालं, तोवर लोक थांबले.

आता आमच्याच माणसांचं उणं काढतो, नाहीतर तुम्हाला वाटेल नेब्रास्कात सगळे संत राहतात. २००३ मध्ये कोच फ्रँक सोलिचला ९-३ रेकॉर्ड असताना काढलं. २०१४ मध्ये बो पेलिनीला, त्याचंही ९-३. नऊ मॅच जिंकून समाधान नव्हतं! आणि मग २०२१ मध्ये ३-९, नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी गुणांनी हरलो. जॉर्जिया सदर्नच्या दोन आठवडे आधी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नसमोर ११ गुणांनी पुढं असताना ऑनसाइड किकचा, म्हणजे आपणच मारलेला बॉल परत पकडायच्या जोखमीच्या छोट्या किकचा, आगाऊपणा केला आणि हरलो. नॉर्थवेस्टर्न त्या वर्षी बाकीच्या सगळ्या मॅच हरली. हा माज जिरायला हवा होता, जिरला.

दाजींची निष्ठा कुठं आहे हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. अलाबामा. शिकले न्यू जर्सीत, राहतात न्यू जर्सीत, अलाबामात विमान बदलायलासुद्धा कधी उतरले नाहीत. तिथले कोच निक सेबनच्या काळात दर जानेवारीत फॅमिली ग्रुपवर लाल हत्तीचं, म्हणजे अलाबामाच्या चिन्हाचं, चित्र यायचं. ५ ऑक्टोबर २०२४ ला व्हँडरबिल्टनं त्यांना ४०-३५ हरवलं. तेव्हापासून हत्ती नाही. मी काही बोललो नाही, ताईनंच विचारलं ग्रुपवर, हत्ती कुठं गेला म्हणून.

त्यांचा एक टोला मात्र वर्मी बसलाय. ३० ऑगस्ट २०२३ ला याच स्टेडियममध्ये मैदानाच्या मधोमध कोर्ट टाकून मुलींची व्हॉलीबॉल मॅच घेतली. ९२,००३ माणसं आली. मी अभिमानानं फोटो पाठवला. दाजींचं उत्तर: "ती टीम जिंकते." याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. मॅच तिकिटाची किंमत वसूल करते का, असं मोजायचं ठरवलं तर दाजी बरोबरच निघतील. मी ते मोजत नाही, आणि माझ्याकडं नोकरी आहे म्हणून मला न मोजणं परवडतं, हेही लिहायला हवं.

म्हणून तुमच्या पासबद्दल. असिस्टंटशिप, म्हणजे युनिव्हर्सिटीतलं पगारी काम, नसेल आणि भाड्याची ओढाताण असेल तर विका, कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. निष्ठा टीव्हीवरसुद्धा चालते. परवडत असेल तर ठेवा. विद्यार्थ्यांचा पास मिळतो त्या भावात पदवीनंतर काहीच मिळत नाही. खेळाडूंवर जीव लावायचा असेल तर जरा जपून, कारण आता त्यांना पैसेही मिळतात आणि कॉलेज बदलायला ट्रान्सफर पोर्टलही आहे; तुम्ही ज्याचा नंबर पाठीवर घालून बसाल तो पुढच्या वर्षी समोरच्या टीममध्ये दिसू शकतो. जर्सी घ्यायची तर नाव नसलेली घ्या. पैज लावू नका. पैज लावलीत की मॅच संपल्यावर एकोणीस वर्षांच्या पोराला इन्स्टावर घाण लिहावीशी वाटते, आणि लिहिणारे सगळे स्वतःला निष्ठावानच म्हणवतात.

रूममेट चौथ्या क्वार्टरला उठले तर उठू देत. परतीला त्यांच्या गाडीत बसावं लागणार असेल तर जायच्या आधीच सांगून ठेवा, किंवा आपली बस बघून ठेवा. २० सप्टेंबर २०२४ ला आमची सलग ४०० वी हाउसफुल्ल मॅच होती, इलिनॉय समोर. ओव्हरटाइममध्ये ३१-२४ हरलो. त्या वेळी मी ताईला एकटीला बोलावलं होतं. दाजींनी फोन करून स्कोर विचारला, आम्ही दोघं तेव्हा पार्किंगमध्येच अडकलो होतो, तर म्हणाले, "बघ, म्हटलं होतं तास जाईल." पाऊण तास लागला.