बुलेट 350 चा ब्लॉक तोच ठेवून स्ट्रोकर इंजिन करता येतं का?

तुझा प्रश्न असा की अमेरिकेत शेव्हरोलेच्या 350 घन इंची इंजिनचं 383 करतात, तसं आपल्या बुलेटचं कोल्हापुरात होईल का. स्ट्रोकर म्हणजे ब्लॉक तोच ठेवून पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवायची. होतंय की भावा. पण तू नुसतं क्रँकच्या (पिस्टनच्या धावेनं फिरणाऱ्या दांड्याच्या) खर्चाचं विचारलंयस, आणि खरं काम आहे ते आतल्या जागेचं.

मी उद्यमनगरात लेथवर असतो, इंजिनची कामं रोजचीच. ते 383 आधी बघ, 350 च्या ब्लॉकचं 4 इंच बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4.030 करायचं आणि आत शेव्हरोलेच्याच 400 घन इंची इंजिनचा क्रँक घालायचा, म्हणजे स्ट्रोक 3.48 वरनं 3.75 इंच. त्यात 400 चे मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर टेकून फिरतो ते भाग) 2.65 इंची आणि ब्लॉकला लागतात 2.45 चे, म्हणून ते ग्राइंड करायचे, आणि एवढं करूनही रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला नाहीतर कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) लागतात. मग तिथं ब्लॉक घासून वाट करून द्यावी लागते. त्यांना तयार क्रँक तरी मिळतो, आपल्याला तोही करून घ्यायचाय.

2023 च्या आधीची बुलेट 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोक, 346 सीसी. बोअर 1 मिमीनं वाढवलं तर जेमतेम 10 सीसी मिळतात. क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो ती पिन) 5 मिमी बाहेर सरकवली की स्ट्रोक थेट 100 होतो आणि सीसी 385. ऐकायला लई भारी वाटतं, पण पिस्टन आता वर 5 मिमी जास्त चढणार आणि खाली 5 मिमी जास्त उतरणार. वरचं निस्तरायला लोक बॅरलखाली (सिलिंडरखाली) 5 मिमीची प्लेट टाकतात, मग पुशरॉडही (कॅमपासून व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या काड्या) तेवढेच लांब करा. मला विचारशील तर पिन (रॉड अडकवायची) वर घेतलेला पिस्टन करून घे, बॅरल जागेवर राहतं. फक्त स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा भाग, खालनं कापावा लागतो, नाहीतर फ्लायव्हीलला आपटलाच म्हणून समज.

म्हणून हेड चढवायच्या आधी कोरडी जुळणी कर. तेल नाही, रिंगा नाहीत, नुसता पिस्टन घाल, स्कर्टच्या खालच्या कडेला मुलांची खेळायची क्ले चिकटव आणि हातानं दोन फेरे दे. पिस्टन काढून क्ले कुठं किती दबली ते मोज. तसंच रॉड बॅरलच्या खालच्या तोंडाला लागतोय का तेही बघ, स्ट्रोक वाढला की रॉड जास्त तिरका होतो, तिथं हमखास घासतो.

पैसे वाचवायचे तर रंगात, सायलेन्सरमध्ये वाचव. फ्लायव्हील जुळवून दोन्ही शाफ्ट सरळ फिरतात का ते बघायला त्यावर डायल लावणं आणि नव्या पिस्टनच्या वजनावर बॅलन्सिंग, ह्यात एक रुपयाही सोडायचा नाही. 5000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर असतो तो 16.7 होतो, सगळा ताण बिगएंडवर (रॉडच्या खालच्या, क्रँकपिनवरच्या टोकावर) येतो. जुन्या कास्ट आयर्नचं कॉम्प्रेशन 6.5 धरलं तर तेही 7.1 च्या आसपास जातं, ते चालतंय. हेड आणि कार्ब्युरेटर तेच असल्यानं टॉप स्पीडची आशा धरू नकोस. गगनबावड्याचा घाट डबलसीट चढताना गिअर पाडावा लागत नाही, ती खरी मजा.

आणि सीसी बदलले की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल करायला मनाई करतं. आरटीओत आधी विचार, इन्शुरन्सलाही तेच आडवं येतं.

तुझी जुनी कास्ट आयर्न आहे का यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेली) ते लिही, आणि इंजिन उघडलेलं असेल तर पिस्टनच्या पिनपासनं वरच्या तोंडापर्यंतचं माप टाक, मग पिस्टनचं बघू.